सात थरांतल्या काकू

औषधांचं दुकान आणि किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी यांच्या मधल्या बोळात काकूंचं दुकान होतं. पाटीवर ‘कपडे दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं. पण सगळा रस्ता त्यांना चेनवाल्या काकू म्हणे. पँटची, बॅगेची, तंबूची, कुठलीही रुसलेली चेन त्यांच्या हाताखालून गेली की निमूट वरखाली करू लागे. एकोणतीस वर्षं काकू त्याच मशीनपुढे, उशी बांधलेल्या त्याच स्टुलावर बसत आल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत दोन गोष्टींवर त्यांनी कुणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं.

पहिली गोष्ट गाठ. शिवण संपवताना दोऱ्याची गाठ त्या अशा जागी लपवत, की कपडा उलटा केला, उजेडात धरला, बोटांनी चाचपला, तरी ती हाती लागत नसे. एकदा कोर्टातल्या एका कारकुनाने कोटाच्या बाहीत पाऊण तास गाठ शोधली आणि म्हणाला, “काकू, तुम्ही गाठ मारलीच नाहीये.”

“मग ओढून बघा,” काकू म्हणाल्या.

त्याने ओढून पाहिलं. बाही फाटली, गाठ जागच्या जागी राहिली. ती बाहीसुद्धा मग काकूंनीच शिवून दिली.

दुसरी गोष्ट थंडी. बोळ दोन्ही टोकांना उघडा असल्यामुळे हिवाळ्यात वारा एका बाजूने आत येई, काकूंना भेटे आणि दुसऱ्या बाजूने निघून जाई. या रोजच्या भेटीगाठींतून काकूंचा एक सिद्धांत तयार झाला होता. जाड कपड्याने काही होत नाही, थर हवेत. आणि थर नुसते असून भागत नाही, ते हलता कामा नयेत. आतली बाही वर सरकली, की मनगटाशी फट पडते. फट पडली की वारा. वारा शिरला की खोकला, आणि खोकल्यानंतरचं काकू बोलून दाखवत नसत, फक्त मान हलवत.

काकूंना एक नात होती, मुलीची मुलगी. वय आठ, वरचे पुढचे दोन दात पडलेले, एका जागी तीन मिनिटांवर न टिकणारी. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. भिंगरीला आज्या दोन. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून तिने काकूंना सुईआजी ठरवलं होतं आणि वडिलांच्या आईला शिट्टीआजी. शिट्टीआजी चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पण शिट्टी अजून गळ्यात होती. सहासष्टाव्या वर्षी त्या सकाळी गार पाण्याने अंघोळ करत, कडाक्याच्या थंडीत एका पातळ जाकिटावर फिरत, आणि तोंडात बत्तीसपैकी एकतीस दात स्वतःचे आहेत हे पहिल्याच भेटीत सांगत. काकूंच्या वरच्या कवळीकडे बघून सांगत, असं काकूंना वाटे.

आता मुद्द्याची गोष्ट. गावाबाहेर एक मोठा थीम पार्क होता आणि त्यात ‘अजगर’ नावाचा रोलर कोस्टर होता. एकशे तीस सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना शेजारी घरचं मोठं माणूस असेल तरच त्यात बसू देत. मागच्या हिवाळ्यात भिंगरीने विचारलं होतं, “सुईआजी, तू बसशील माझ्याबरोबर?” आणि काकू म्हणाल्या होत्या, “हो.” मग रांगेत पन्नास मिनिटं उभं राहून, अगदी फाटकाशी पोचल्यावर, वरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून काकूंचे पाय लटपटले होते. “मला गरगरतंय गं,” म्हणत त्या शेजारच्या छोट्या दारातून बाहेर पडल्या, आणि एकटीला बसता येत नाही म्हणून भिंगरीसुद्धा त्यांच्या मागोमाग आली.

ती रडली नाही, चिडलीही नाही. पण त्या दिवसापासून घरात कुणी कशाला हो म्हटलं, की ती विचारू लागली, “खरं हो, की सुईआजीचं हो?” वडील म्हणाले, रविवारी सायकल दुरुस्त करू, तर तिने विचारलं, सुईआजीचं हो? दंतवैद्य म्हणाले, दुखणार नाही. तर तिने त्यांनाही विचारलं. त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर ते खूप हसले, आणि काकूंच्या मुलीने ती गंमत येऊन काकूंना सांगितली. काकूही हसल्या. मग दिवसभर त्यांच्या हातून टाके वाकडे पडत राहिले.

या हिवाळ्यात त्यांनी आपणहून दारामागच्या पट्टीवर नातीची उंची मोजली. एकशे चोवीस. वर्षभरात ती सात सेंटिमीटर वाढली होती. म्हणजे पुढच्या वर्षी एकशे एकतीस, आणि मग तिला शेजारी कुणाची गरज उरणार नव्हती. जे काय दाखवायचं ते याच वर्षी.

“भिंगरे, या शनिवारी आपण अजगरात बसायचं,” काकू म्हणाल्या.

भिंगरीने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. “शिट्टीआजीला पण बोलावूया,” ती म्हणाली. “म्हणजे बरं.”

हे ‘म्हणजे बरं’ काकूंच्या जिव्हारी लागलं.

शनिवारी पारा दोन अंशांवर राहणार असं बातम्यांत सांगितलं. काकू तयारीला लागल्या. दुकानात दुरुस्तीला टाकून कुणी न्यायलाच न आलेले कपडे होते. ते दोन वर्षांनी काकूंचे होत. सर्वात आत थर्मल, त्यावर फ्लॅनेलचा ब्लाऊज, त्यावर मुलीचा कॉलेजातला स्वेटर, त्यावर एका बस कंडक्टरचा स्वेटर, त्यावर बँडवाल्याचं पितळी बटणांचं लाल जाकीट, त्यावर कापूस भरलेली लांब बाह्यांची बंडी, आणि सर्वांवर वारा न शिरणारा कोट. सातही कपडे त्यांनी टेबलावर एकात एक घातले, बाहीत बाही सारली, बटणं लावून टाकली, आणि कोणताही थर हलू नये म्हणून गळा, दोन्ही मनगटं आणि खालचा घेर असे चारही ठिकाणी एकमेकांना शिवून टाकले. दुहेरी दोरा. गाठी अर्थातच दडवलेल्या.

सकाळी तो सातपदरी कपडा त्यांनी डोक्यातून घातला. आत हात सापडायला जरा वेळ लागला. मग सवयीने छातीवरून टेप फिरवला. एरवी चाळीस इंच, आज सत्तावन्न. काकूंना समाधान वाटलं.

भिंगरीला त्यांनी असंच शिवून टाकायचं ठरवलं होतं, पण तिची आई कामावर निघता निघता दारातून म्हणाली, “आई, तिला शिवायचं नाही. तिला शू लागते.” तेव्हा भिंगरी चार सुट्या थरांवर सुटली.

बसमध्ये काकूंना दोन जागा लागल्या.

“विहीणबाई, जरा सरकता का?” शिट्टीआजी म्हणाल्या.

“सरकलेच आहे. हे उरलंय ते कपडे आहेत.”

“पावलात ताकद असली की अंगाला थंडी लागत नाही. मी मुलींना सांगायचे, पळा, गरम व्हाल.”

“त्या पळायच्या तुमच्यापासून,” काकू म्हणाल्या.

पार्कच्या दारात तपासणी होती. काकू धातू शोधणाऱ्या चौकटीतून तिरक्या होऊन गेल्या तरी ती केकाटली. त्यांच्या खिशांतून तीन कात्र्या, टाके उसवायचा आकडा, बोटात घालायचं अंगुस्तान आणि सुयांची डबी निघाली. तपासणीवाल्याने सगळं एका खोक्यात ठेवून चौदा नंबरचा बिल्ला दिला. चौकट पुन्हा केकाटली.

“आत काय आहे?”

“पितळी बटणं. बँडवाल्याचं जाकीट आहे.”

“ते काढून दाखवा.”

“ते काढता येत नाही. खालच्याला शिवलंय.”

“मग खालचं काढा.”

“ते त्याच्या खालच्याला शिवलंय.”

तपासणीवाल्याने विचार केला. “म्हणजे एकूण किती कपडे आहेत?”

“एकच,” काकू म्हणाल्या. “सातपदरी.”

त्याने गादी चाचपावी तसं त्यांना चाचपलं आणि आत सोडलं. त्याच्या नोकरीत असं पहिल्यांदाच होत असावं.

आत गेल्यावर भिंगरीने अजगराकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, आधी चहा घेऊ. चहानंतर म्हणाल्या, आधी लाकडी घोडे बघू. घोड्यांनंतर आरशांचं घर, आरशांनंतर डबा खाणं, खाल्ल्यानंतर लगेच बसू नये म्हणून बाकावर अर्धा तास. आरशांच्या घरात एका आरशात काकू बारीक दिसल्या, म्हणजे रोजच्याएवढ्या.  भिंगरी दर थोड्या वेळाने शिट्टीआजीकडे बघत होती, आणि शिट्टीआजी घड्याळाकडे.

“तीन वाजले, विहीणबाई. हिवाळ्यात अजगर सव्वाचारला बंद होतो.”

“मग चला की. मी कुठे नाही म्हणतेय?” काकू म्हणाल्या आणि उठल्या.

रांगेत चाळीस माणसं होती. या वेळी काकूंनी किंकाळ्यांकडे लक्ष दिलं नाही, किंवा सात थरांतून त्या पोचल्याच नाहीत. चार वाजायला पाच मिनिटं असताना त्या फाटकाशी पोचल्या. ते छोटं दार तसंच बाजूला होतं. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्या सरळ पुढे गेल्या आणि अजगराच्या तिसऱ्या डब्यात नातीशेजारी बसल्या. भिंगरीचे डोळे चमकले.

टोपी घातलेली, तिथे काम करणारी मुलगी आली आणि तिने पोटावरचा दांडा खाली ओढला. भिंगरीच्या बाजूला जागा उरली. काकूंच्या बाजूला दांडा बंडीपाशी थांबला.

“मावशी, श्वास सोडा.”

काकूंनी श्वास सोडला. दांडा हलला नाही. मुलीने दोन्ही हातांनी जोर लावला. मग दुसऱ्या डब्याजवळचा तिचा सहकारी आला आणि दोघांनी जोर लावला. काकूंच्या आतून कापूस दबल्याचा आवाज आला, दांडा दोन बोटं खाली गेला आणि परत वर आला.

“टक् असा आवाज आल्याशिवाय गाडी सोडता येत नाही,” मुलगी म्हणाली. “कपडे काढा थोडे.”

“थोडे निघत नाहीत. निघाले तर सगळे निघतात.”

मुलगी गोंधळली. मागून कुणीतरी “चला हो,” म्हणालं. तेव्हा कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या शिट्टीआजींकडे बघत मुलीने विचारलं, “त्या तुमच्याबरोबर आहेत का? त्या बसू शकतात.”

शिट्टीआजी एका पातळ जाकिटात, काठीसारख्या सरळ उभ्या होत्या.

भिंगरीने काकूंकडे पाहिलं नाही. “चालेल,” ती हळूच म्हणाली. “मला माहीतच होतं.”

आणि काकूंना, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा हायसं वाटलं. पाय लटपटले नव्हते, गरगरलं नव्हतं. दांडाच लागत नव्हता, त्याला कोण काय करणार? त्या उठूनही उभ्या राहिल्या. मग त्यांना ते हायसं वाटणं स्वतःलाच दिसलं. सत्तावन्न इंच त्यांनी सकाळी आपल्या हाताने मोजले होते. डब्यातल्या जागा किती रुंद असतात हे एकोणतीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईला मागच्या वर्षी दिसलं नव्हतं, असं तर नव्हे? हे सगळं थंडीसाठीच केलं होतं ना?

काकूंचे कान तापले.

“बाई, शेवटची फेरी कितीला?” त्यांनी विचारलं.

“सव्वाचारला.”

“आम्ही तिच्यात बसू. भिंगरे, ऊठ. आपण दोघी. रांगेत आपली जागा धरून ठेव.”

त्या कठड्याशी आल्या आणि शिट्टीआजींना म्हणाल्या, “विहीणबाई, मला उसवा.”

“कात्री?”

“दारात ठेवून घेतली.”

“मग दाताने तोडा.”

काकूंनी ओठ घट्ट मिटले. कवळी दाखवायची वेळ नव्हती. भिंगरीने आपण होऊन तोंड उघडून दाखवलं. पुढे खिडकी होती. मग आजी आणि नात दोघी शिट्टीआजींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

शिट्टीआजींच्या मनात त्या क्षणी काय आलं ते त्याच जाणोत. आयती जागा समोर रिकामी होती आणि नात त्यांच्याबरोबर यायला तयार होती. पण चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर शर्यती लावल्या होत्या. “समोरची पोरगी अडखळून पडली म्हणून पहिला नंबर घ्यायचा नसतो,” त्या म्हणाल्या. “वळा. कुठे आहे गाठ?”

आता प्रश्न आला. गाठीची जागा एकोणतीस वर्षांत काकूंनी कुणालाही सांगितली नव्हती. शेजारच्या किल्लीवाल्याला नाही, पोटच्या मुलीला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विहिणीच्या कानात सांगितलं.

“असं होय,” शिट्टीआजी म्हणाल्या. “अगदीच सोपं आहे की.”

“कुणाला बोलू नका.”

मग शिट्टीआजींनी शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली, की लाकडी घोड्यांपाशी लोकांनी वळून पाहिलं. “रांग, पाठ फिरवा,” त्या म्हणाल्या. आणि चाळीस माणसांनी, त्यांत दोन पोलीस आणि एक नवविवाहित जोडपं होतं, काहीही न विचारता पाठ फिरवली. टोपीवाल्या मुलीनेही फिरवली.

पुढली दहा मिनिटं ज्यांनी चोरून पाहिली त्यांना हे दिसलं: एक उंच आजी एका गोल आजीच्या मानेला मागून चावत आहे. मग मनगटाला. मग दुसऱ्या मनगटाला. गोल आजी सूचना देत आहे.

“डावीकडे. अजून. दोराच तोडा, माझी कातडी नको.”

“दुहेरी घातलाय का?”

“दुहेरीच घालते मी.”

“माणसाला एवढा अविश्वास बरा नव्हे,” शिट्टीआजी तोंडात दोरा धरून म्हणाल्या, आणि घेरासाठी गुडघ्यांवर बसल्या.

कोट निघाला, बंडी निघाली. बँडवाल्याचं जाकीट निघताना पितळी बटणं खणखणली. कंडक्टरच्या स्वेटरात काकूंचं डोकं अडकलं तेव्हा भिंगरीने खालून ओढलं आणि काकू बाहेर आल्या; लहान, केस उभे राहिलेल्या, तीन थरांत कुडकुडणाऱ्या. वारा तडक आला आणि जुन्या ओळखीने त्यांना भेटला.

“अठ्ठेचाळीस तरी असेन अजून,” त्या पुटपुटल्या. पण दांडा टक् झाला.

“चष्मा, टोपी, सैल असेल ते काढून ठेवा,” टोपीवाली मुलगी म्हणाली.

काकूंनी चष्मा काढून रुमालात ठेवला. मग क्षणभर विचार करून, तोंड फिरवून, त्याच रुमालात आणखी एक वस्तू ठेवली आणि रुमालाची पुरचुंडी कठड्यावरून शिट्टीआजींच्या हातात दिली. एकतीस दातांच्या बाईने ती दोन्ही हातांनी घेतली. त्यानंतर त्या दोघींमध्ये दातांचा विषय कधी निघाला नाही.

गाडी चढू लागली. वर गेल्यावर सगळा पार्क, बस थांबा, दूरवर औषधांच्या दुकानाची हिरवी पाटीसुद्धा असावी, पण चष्मा नसल्यामुळे काकूंना सगळं धुक्यासारखं दिसत होतं आणि ते फार बरं होतं. अगदी टोकावर गाडी थांबली.

“आजी, घाबरलीस?”

“हो,” काकू बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

“खरं हो?”

“अगदी खरं.”

भिंगरीने आपला हातमोजा काढला आणि त्यांचा हात धरला. त्यानंतर काय झालं ते काकूंना सलग आठवत नाही. एक मिनिट छत्तीस सेकंद त्या ओरडत होत्या असं भिंगरी सांगते. मधे एकदा त्या “दोरा तुटला, दोरा तुटला” असं काहीतरी म्हणाल्या म्हणे.

उतरल्यावर काकू दोन पावलं तिरक्या चालल्या, मग सरळ. कठड्याशी विहीणबाई दिसेनात. तिथे एक लठ्ठ बाई उभी होती. लाल जाकिटावर बंडी, बंडीवर कोट, हात अंगापासून लांब, पोस्टाच्या पेटीसारखी. तिच्या गळ्यात शिट्टी होती.

“हातात धरून हात भरून आले,” शिट्टीआजी म्हणाल्या. “म्हणून अंगावर घेतले.”

“कंडक्टरचा स्वेटर पण?” भिंगरीने विचारलं.

“तो सर्वात जड होता.”

काकूंनी हात पुढे केला. शिट्टीआजींनी रुमाल दिला, आणि काकू पुन्हा नीट बोलू लागल्या. कपडे मागायला त्यांनी पुन्हा हात पुढे केला तर शिट्टीआजी एक पाऊल मागे सरकल्या. “आता बसपर्यंत राहू देत. उगाच घाल-काढ कशाला?”

दारात चौदा नंबरचा बिल्ला देऊन काकूंनी खोकं घेतलं. तपासणीवाल्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग शिट्टीआजींकडे, आणि न विचारणंच बरं असं त्याने ठरवलं. बस यायला अकरा मिनिटं होती. तिघी बाकावर बसल्या.

“विहीणबाई,” थोड्या वेळाने शिट्टीआजी समोर बघत म्हणाल्या, “या मनगटाशी वारा शिरतोय. थर सरकतात हो.”

काकूंनी सुयांची डबी उघडली. चष्मा होता, तरी दोरा ओवायचं काम भिंगरीने केलं. काकूंनी विहिणीचं मनगट मांडीवर घेतलं आणि बारीक, घट्ट टाके घातले. शिट्टीआजी डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. शेवटी गाठ आली तेव्हा काकूंनी जरा अंग वळवलं.

“ही त्याच जागी मारलीत ना?” शिट्टीआजींनी विचारलं. “मला सांगितलीत तिथे? रात्री उसवायचंय मला.”

“हो,” काकू म्हणाल्या.

शिट्टीआजींनी मनगट उलटं करून पाहिलं, चाचपलं, उजेडात धरलं. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी भिंगरीकडे बघून विचारलं, “काय गं, हे कसलं हो?”

भिंगरी दोन्ही आज्यांच्या मधे कोंबून बसली होती, जिकडे जास्त थर होते तिकडे टेकून. तिने काकूंकडे नीट निरखून पाहिलं. काकू दोरा गुंडाळत होत्या आणि त्यांचं तोंड अगदी साळसूद होतं.

“सांगता येत नाही,” भिंगरी म्हणाली. “पण अजगराचं खरं होतं.”

तो कोट, बंडी, लाल जाकीट आणि कंडक्टरचा स्वेटर अजून शिट्टीआजींकडेच आहेत. सकाळी फिरायला जाताना त्या चारही घालतात. मनगटाशी शिवलेले आहेत ते निघत नाहीत म्हणून नाइलाजाने, असं त्या भेटेल त्याला सांगतात.